साने गुरुजी : तत्त्वज्ञान मंदिर, शाळा आणि नीतिशिक्षण

४.१ प्रास्ताविक

प्रस्तुत घटकात आपण साने गुरुजींच्या चरित्राचा परिचय करून घेणार आहोत. जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या सर्व घटनांची जंत्री देणे हा या घटकाचा हेतू नाही. एका विशिष्ट प्रश्नाच्या अनुषंगाने हे चरित्र वाचावयाचे आहे. बारा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींना धर्म, तत्त्वज्ञान आणि नीती शिकवता येते काय, आणि येत असेल तर ती कोणत्या भाषेत, हा तो प्रश्न होय. आपल्यापैकी अनेक जण स्वतः पालक आहेत, काही जण शाळांमध्ये काम करतात. यावल, रावेर, चोपडा या भागांतील विद्यार्थी संपर्कसत्रांना येतात तेव्हा हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपाने निघतोच. मुलांना वळण लावावे, असे सर्वांनाच वाटते. ते कोणी लावावे आणि कोणत्या ग्रंथाच्या आधाराने लावावे, यावर मात्र एकमत होत नाही.

साने गुरुजी म्हटले की ‘श्यामची आई’ हे समीकरण मराठी मनात पक्के बसले आहे. त्यांची उच्च पदवी तत्त्वज्ञान विषयातील होती, याच विषयाच्या ओढीने ते कोकणातून खानदेशात आले, आणि त्याच विषयाच्या एका नामांकित संस्थेतून उठून ते शेजारच्या हायस्कुलात शिक्षक झाले, हा तपशील तितकासा ध्यानात ठेवला जात नाही. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तोच सर्वाधिक महत्त्वाचा आहे.

४.२ पालगड ते पुणे

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे झाला. घराणे खोतांचे होते, पण वैभव ओसरत चालले होते. कर्ज आणि भाऊबंदकी यांनी घर पोखरले होते. आई यशोदाबाई यांचा त्यांच्यावरील प्रभाव सर्वश्रुत आहे. पालगड, दापोली, औंध आणि पुणे अशा चार ठिकाणी त्यांचे शालेय शिक्षण झाले. शिकण्यासाठी इतके फिरावे लागले याचे कारण दारिद्र्य हेच होते. जेथे राहण्याजेवण्याची सोय लागेल तेथे जावयाचे, हा त्या काळच्या गरीब विद्यार्थ्यांचा परिपाठ होता. १९१७ मध्ये आईचे निधन झाले. त्या वेळी पांडुरंग शिक्षणासाठी दूर होता आणि अखेरच्या क्षणी तिच्याजवळ नव्हता. ही रुखरुख त्यांच्या लेखनात आयुष्यभर पाझरत राहिली.

पुण्याच्या न्यू पूना कॉलेजातून, म्हणजे आजच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातून, ते बी. ए. झाले. पुढे तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. करावयाचे ठरले, आणि त्यासाठी ते अंमळनेरला आले.

४.३ अंमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर

अंमळनेरसारख्या कापडगिरणीच्या गावी तत्त्वज्ञानाची संशोधनसंस्था असावी, याचे बाहेरच्या माणसाला आजही नवल वाटते. गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांना अद्वैत वेदान्ताची मनापासून आवड होती. त्यांच्या पुढाकाराने १९१६ मध्ये ही संस्था उभी राहिली. निवडक पदवीधरांना शिष्यवृत्ती द्यावी, त्यांनी येथे राहून शांकर वेदान्ताचा आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा तौलनिक अभ्यास करावा, अशी योजना होती. घनश्यामदास मलकानी यांच्यासारखे अभ्यासक येथे दीर्घकाळ होते. पुढे १९३० नंतरच्या दशकात कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखा भारतातील अव्वल तत्त्वचिंतकही काही काळ येथे येऊन राहिला. येथून निघणारे इंग्रजी तत्त्वज्ञानविषयक त्रैमासिक देशभरच्या विद्यापीठांत वाचले जाई. अज्ञान हे भावरूप की अभावरूप, यासारख्या प्रश्नांवर येथे सूक्ष्म वाद चालत.

पांडुरंग साने या वातावरणात राहिले, अभ्यास केला आणि एम. ए. झाले. पण तेथे ते रमले नाहीत. यावरून चर्चा त्यांना झेपली नाही असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. त्यांचे पुढील लेखन पाहिले तर शांकर वेदान्ताची बैठक त्यांच्याकडे पक्की होती, हे दिसते. अडचण निराळी होती. सर्वांभूती एकच तत्त्व आहे हे सिद्ध करण्यात दिवस जावा, आणि भिंतीपलीकडे गिरणीत राबणाऱ्या माणसाशी त्या तत्त्वाचा काही संबंध पोहोचू नये, हे त्यांना जड जात असावे. अर्थात तत्त्वज्ञान मंदिराला येथे उणे ठरवावयाचे नाही. काटेकोर विचार हेही एक नैतिक शिक्षण आहे, आणि त्या संस्थेने ते निष्ठेने दिले. गुरुजींचा पिंड वेगळा होता, एवढेच.

४.४ हायस्कुलातील सहा वर्षे

जून १९२४ मध्ये ते अंमळनेरच्या खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कुलात शिक्षक म्हणून रुजू झाले. हेच पुढे प्रताप हायस्कूल या नावाने प्रसिद्ध झाले. एप्रिल १९३० मध्ये सत्याग्रहात उडी घेण्यासाठी त्यांनी राजीनामा दिला. म्हणजे त्यांची शिक्षकी जेमतेम सहा वर्षांची. तरीही ‘गुरुजी’ ही उपाधी जन्मभर आणि नंतरही त्यांना चिकटून राहिली.

येथे थोडे थांबून त्या काळच्या शाळेत आपल्या विषयाला काय स्थान होते ते पाहू. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे धोरण अधिकच कटाक्षाने पाळले. राणी व्हिक्टोरियाच्या १८५८ च्या जाहीरनाम्यात तसे अभिवचन होते. त्यामुळे सरकारी शाळेत कोणत्याही धर्माचे शिक्षण नाही, हा नियम झाला. १८८२ च्या हंटर आयोगाने ही पोकळी ओळखली आणि सर्व धर्मांना मान्य होईल अशा तत्त्वांवर आधारलेले एक नीतिपाठाचे पुस्तक तयार करावे, अशी शिफारस केली. योगायोग असा की त्याच वर्षी फ्रान्समध्ये कायद्याने प्राथमिक शाळांतून धर्मशिक्षण काढून त्याच्या जागी नीती आणि नागरिकत्व यांचे शिक्षण आले. इंग्लंडने तिसरा मार्ग धरला होता. तेथे लोकनियुक्त मंडळांच्या शाळांत बायबल शिकवता येई, पण विशिष्ट पंथाची प्रश्नोत्तरी शिकवण्यास १८७० च्या कायद्याने बंदी होती. फ्रान्सने धर्म वगळला, इंग्लंडने पंथ वगळला, आणि हिंदुस्थानात सरकारने मौन पत्करले.

या मौनाचा परिणाम असा झाला की मुलाला धर्म कळे तो घरातून, कीर्तनातून, सणावारांतून आणि जातीच्या पंगतीतून. चांगले आणि वाईट हे दोन्ही तेथूनच येई. ‘शिवू नको’ हेही तेथेच शिकवले जाई. शाळा त्याला हात लावीत नसे.

गुरुजींना वर्गात नीतीचा तास मिळाला नव्हता. त्यांच्याकडे भाषा आणि इतिहास हे विषय होते. पण त्यांचे खरे शिक्षण घडे ते छात्रालयात. शाळेच्या वसतिगृहाचे ते प्रमुख होते. खेड्यापाड्यांतून आलेली, प्रथमच घराबाहेर पडलेली मुले तेथे राहत. गुरुजी त्यांच्या खोल्या झाडीत, विस्कटलेले अंथरूण नीट करीत, मळके कपडे धूत, आजाऱ्याची शुश्रूषा करीत. मुलांना ओशाळे होई आणि दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःची खोली स्वतः झाडू लागत. उपदेश न करता लाज वाटावयास लावणे ही गुरुजींची पद्धत. तिच्यात एक धोकाही आहे. प्रेमाने लादलेली लाज ही शिक्षेहून हलकी असतेच असे नाही. गुरुजींवर भावनाविवशतेचा जो आक्षेप पुढे घेतला गेला त्याचे मूळ येथेच शोधावे लागते.

याच छात्रालयात त्यांनी एक विलक्षण उपक्रम चालवला. ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक ते स्वतः लिहीत. रात्री मुले झोपल्यावर लिहावयाचे आणि सकाळी मुलांच्या वाचनासाठी लावावयाचे. देशातील घडामोडी, थोरांच्या चरित्रांतील प्रसंग, छात्रालयात काल घडलेली एखादी लहानशी चांगली किंवा वाईट गोष्ट, असे सर्व त्यात येई. शाळेत नसलेला नीतीचा तास अशा रीतीने रोज सकाळी भिंतीवर भरे. मुलाच्या वागणुकीची चर्चा त्याच्या तोंडावर न होता अक्षरांतून होई, आणि वाचणाऱ्याला विचार करावयास अवधी मिळे. १९२८ पासून त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक छापून काढले. दैनिकात जे घरगुती होते ते येथे महाराष्ट्रभरच्या मुलांपर्यंत गेले.

४.५ ‘धर्म’ या शब्दाचा विस्तार

आता भाषेच्या अंगाने एक गोष्ट लक्षात घेऊ. भाषाविज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला गुरुजींच्या गद्याचे जे विशेष जाणवते ते हेच की, त्यांनी मोठ्या पारिभाषिक संज्ञा घरगुती क्रियापदांत उतरवल्या.

‘धर्म’ हा शब्द पाहा. इंग्रजी राजवटीत जनगणना, न्यायालय आणि शाळेचा दाखला यांतून या शब्दाला एक आकुंचित अर्थ पक्का चिकटला. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशा गटांपैकी माणूस कोणत्या गटाचा, एवढेच तो सांगू लागला. पण मराठी बोलीत हा शब्द किती मोकळेपणाने वावरतो! शेजारधर्म, दानधर्म, धर्मशाळा, धर्मकाटा, पुत्रधर्म. पाण्याचा धर्म वाहण्याचा असे आपण म्हणतो तेव्हा तेथे कोणताही पंथ अभिप्रेत नसतो. धर्मशाळेत उतरणाऱ्याला कोणी धर्म विचारीत नाही, निदान विचारू नये अशी अपेक्षा असते. गुरुजींनी लेखनात हा बोलीतील ‘धर्म’ उचलला. जगावर प्रेम करणे हाच खरा धर्म असे सांगणारी त्यांची प्रार्थना आज हजारो शाळांच्या परिपाठात म्हटली जाते. ती सर्व धर्मांच्या मुलांना म्हणता येते याचे रहस्य या शब्दार्थाच्या निवडीत आहे.

१९३७ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘भारतीय संस्कृती’ हे त्यांचे पुस्तक या दृष्टीने मुद्दाम वाचावे. पुस्तकाचा आरंभ अद्वैताने होतो आणि शेवट मृत्यूच्या काव्याने होतो. मध्ये कर्म, भक्ती, ज्ञान, संयम, चार पुरुषार्थ, अहिंसा, मूर्तिपूजा, प्रतीके असे विषय येतात. म्हणजे तत्त्वज्ञान मंदिरातील अभ्यासक्रमच येथे आहे, पण तो दहावीतील मुलाला वाचता यावा अशा वाक्यांत. वाक्ये आखूड, क्रियापदाला प्राधान्य, उपमा शेतातल्या आणि स्वयंपाकघरातल्या. अद्वैत म्हणजे जीवब्रह्मैक्य ही व्याख्या परीक्षेत लिहिता येते. गुरुजी वाचकाला विचारतात ते असे की शेजाऱ्याची भूक तुला जाणवते काय. व्याख्येच्या जागी अशी एक कसोटी येते, आणि ती शाळकरी मुलालाही लावता येते.

या पुस्तकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. वर्णव्यवस्थेचा विचार करताना गुरुजी वर्णाचा संबंध जन्माशी न जोडता व्यक्तीच्या गुणांशी आणि आवडीशी जोडतात. हेतू सुधारणेचा आहे. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी, १९३६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिनिर्मूलनावरील आपल्या प्रसिद्ध निबंधात गुणाधिष्ठित चातुर्वर्ण्याची कल्पनाही अव्यवहार्य आणि घातक कशी आहे, हे सविस्तर दाखवून दिले होते. जुन्या शब्दाला नवा अर्थ दिला तरी समाज तो जुन्याच अर्थाने वापरतो, हा त्यातील एक मुद्दा भाषाशास्त्रीय दृष्ट्याही बिनतोड आहे. ‘धर्म’ या शब्दाच्या बाबतीत जी युक्ती गुरुजींना साधली ती ‘वर्ण’ या शब्दाच्या बाबतीत साधली नाही, असे माझे मत आहे. बोलीत ‘धर्म’ मोकळा होता, तसा ‘वर्ण’ कधीच नव्हता.

४.६ तुरुंगातील विद्यापीठ

१९३० च्या सत्याग्रहात गुरुजींना शिक्षा झाली. धुळ्याहून त्यांना तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात हलवण्यात आले. तेथे दाक्षिणात्य राजबंद्यांच्या सहवासात ते तमिळ शिकले आणि तिरुवळ्ळुवराच्या कुरळ या प्राचीन ग्रंथाशी त्यांची गाठ पडली. या ग्रंथात १३३० द्विपदी आहेत आणि धर्म, अर्थ, काम असे तीन भाग आहेत. पहिल्या भागातील ‘अरम्’ या तमिळ शब्दात सदाचाराचा अर्थ प्रधान आहे. जैन, शैव, वैष्णव सारेच या ग्रंथाला आपला म्हणतात, कारण ग्रंथ स्वतः कोणत्याच पंथाचे नाव घेत नाही. नीतिपाठाच्या पुस्तकाची जी अपेक्षा हंटर आयोगाने बाळगली होती तिच्या जवळ जाणारे काही या देशात शतकानुशतके मुखोद्गत होते, पण मराठी शाळेला त्याची वार्ता नव्हती. गुरुजींनी कुरळ मराठीत आणला.

१९३२ मध्ये ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबा भावेही तेथेच होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले, अशी अठरा प्रवचने झाली. श्रोत्यांत राजबंदी होते, साधे कैदीही होते. गुरुजी ती प्रवचने ऐकता ऐकता लिहून घेत. आज ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ भारतातील बहुतेक भाषांत उपलब्ध आहे, तो गुरुजींच्या या लेखणीमुळे. लघुलेखनाचे यंत्र नाही, ध्वनिमुद्रण नाही. बोललेल्या मराठीचा ठसका, मध्येच येणारा दृष्टान्त, वाक्य अर्धवट सोडून पुन्हा पकडण्याची लकब, हे सर्व त्या लिखाणात टिकून राहिले आहे. तत्त्वज्ञानाच्या एम. ए. ने लेखनिकाची भूमिका आनंदाने घेतली. अशा भूमिकेला विद्यापीठात गुण नसतात.

फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी अवघ्या काही दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. १९३५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. या पुस्तकाची रचना लक्षात घ्या. आश्रमातील मित्रांना श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो. प्रत्येक आठवणीत एखादा साधा प्रसंग आहे. पूजेसाठी आपणच सर्वांत आधी फुले आणावी म्हणून श्याम न उमललेल्या कळ्या तोडतो आणि आई त्याला समजावते. गावातील म्हातारी महार स्त्री मोळीच्या भाराने पडली असता आई श्यामला तिच्या मदतीला पाठवते. ही सर्व नीतिशिक्षणाची प्रकरणे आहेत. पण त्यांना प्रकरणे न म्हणता रात्री म्हटले आहे, हा फरक मोठा आहे. पाठ्यपुस्तकातील धडा दिवसा, घंटेबरोबर सुरू होतो आणि घंटेबरोबर संपतो. रात्रीच्या गोष्टीला घंटा नसते.

आईच्या आज्ञेतून आणि अपराधभावनेतून नीती शिकवली गेली, असा आक्षेप या पुस्तकावर घेतला जातो. तो पूर्णपणे चुकीचा नाही. मात्र कळ्यांच्या प्रसंगात आई कारण देते, आणि ते कारण फुलाच्या बाजूने देते, हे आक्षेपकांनी पाहावे. मुलाला कारण सांगितले म्हणजे त्याला विचार करणारा मानले.

४.७ फैजपूर

यावल तालुक्यातील विद्यार्थ्यांना फैजपूरची ओळख करून देण्याची गरज नाही. डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन येथे भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन होय. अध्यक्षस्थानी जवाहरलाल नेहरू होते, गांधीजी उपस्थित होते. नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावठी साहित्य वापरून अधिवेशननगरी सजवली होती आणि त्या नगरीला टिळकनगर हे नाव दिले होते. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी हे या कार्यातील एक प्रमुख होते. त्यांचे नाव आज फैजपूरच्या महाविद्यालयाला आहे. गुरुजी या अधिवेशनासाठी पूर्व खानदेशातील खेडोपाडी हिंडले, सभा घेतल्या, स्वयंसेवक गोळा केले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या भ्रमंतीचा एक अर्थ असा की, छात्रालयातील शिक्षक आता गावाला शिकवू लागला आणि गावाकडून शिकू लागला. खेड्यातील बायांच्या जात्यावरच्या ओव्यांचा त्यांचा संग्रह पुढे ‘स्त्री जीवन’ या नावाने दोन भागांत आला. त्यात भाऊ, माहेर, सासर, दान, मरण यांविषयीचा जो विचार आहे तो कोणत्याही नीतिपाठाच्या पुस्तकाहून सकस आहे, आणि तो करणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांना अक्षरओळख नव्हती. ज्यांच्या घरात आजी अद्याप ओव्या म्हणते त्यांनी हा संग्रह तिच्यासमोर वाचून पाहावा. पाठभेद सापडतील.

शेतकरी, गिरणी कामगार, पुन्हा तुरुंग, १९४२ चे भूमिगत कार्य, ही पुढची वर्षे आपल्या प्रश्नापासून जरा दूर जातात. ती येथे विस्ताराने घेत नाही. ‘इस्लामी संस्कृती’ या पुस्तकाचा उल्लेख मात्र केला पाहिजे. ‘भारतीय संस्कृती’ लिहिणाऱ्याच लेखकाने पैगंबरांचे जीवन आणि इस्लामचा उदय मराठी वाचकाला आदराने समजावून सांगितला. शेजाऱ्याचा धर्म समजून घेणे हाही शेजारधर्म होय, या जाणिवेने ते लिहिलेले आहे.

४.८ पंढरपूर : अद्वैताची परीक्षा

पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना प्रवेश नव्हता. चोखामेळ्याची समाधी मंदिराच्या महाद्वाराबाहेर आहे, आणि चोखोबांच्या जातीचा वारकरी १९४७ पर्यंत तिच्या पुढे जाऊ शकत नव्हता. समतेचे अभंग आत गायिले जात होते. तत्त्वज्ञान आणि आचार यांतील अंतर इतक्या स्पष्टपणे इतरत्र क्वचितच दिसेल.

गुरुजींनी उपोषणाचा निर्णय केला. सहकाऱ्यांच्या सल्ल्यावरून तो काही महिने पुढे ढकलून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि लोकांचे मन वळवण्याचा प्रयत्न केला. गावोगावची मंदिरे आणि विहिरी या दौऱ्यात खुल्या झाल्या. पंढरपूर बधले नाही. १ मे १९४७ रोजी त्यांनी तेथील तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण आरंभिले. गांधीजींनी उपोषण थांबवण्याचा सल्ला दिला. ज्यांना ते गुरुस्थानी मानीत त्यांचा हा सल्ला त्यांनी मानला नाही. ग. वा. मावळंकर यांच्या मध्यस्थीनंतर बडव्यांनी मंदिर खुले करण्यास संमती दिली आणि १० मे रोजी उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला.

‘भारतीय संस्कृती’तील वर्णविचारावर आपण जो आक्षेप पाहिला त्याला या दहा दिवसांचे उत्तर कितपत पुरते, याविषयी मतभेद आहेत. मंदिरप्रवेशाने जात जात नाही, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. पण येथे गुरुजींनी शब्दाला नवा अर्थ देण्याचा मार्ग सोडला आणि बंद दारापुढे स्वतःचे शरीर ठेवले, हा बदल नोंदवण्यासारखा आहे.

४.९ अखेरची वर्षे

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ हे साप्ताहिक सुरू केले. १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात आंतरभारतीची कल्पना मांडली. भारतातील भाषांनी एकमेकींचे साहित्य शिकावे, मुलांनी आपली भाषा सोडून आणखी एखादी भारतीय भाषा आपुलकीने शिकावी, असा तिचा गाभा आहे. तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात पडलेले बीज ते हेच. धर्माधर्मांतील समजूतदारपणा आणि भाषाभाषांतील समजूतदारपणा त्यांच्या लेखी एकाच शिक्षणाचे भाग होते.

२६ जानेवारी १९५० रोजी भारताची राज्यघटना अमलात आली. तिच्या २८ व्या अनुच्छेदानुसार पूर्णतः शासकीय निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत विद्यार्थ्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून त्याला त्यात सहभागी करता येत नाही. धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा भेद पुढे शिक्षण आयोगांनी आणि २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केला. महाराष्ट्रातील शाळांत मूल्यशिक्षणाचा परिपाठ आला तो याच चौकटीत. फ्रान्स, इंग्लंड आणि जुन्या सरकारचे मौन, या तिन्हींहून ही चौकट वेगळी आहे, आणि तिच्यात काय भरावयाचे हे अद्याप ठरत आहे.

गुरुजींना हे सर्व पाहावयास मिळाले नाही. गांधीहत्येनंतर, जी व्यक्ती त्यांनी गुरुस्थानी मानली होती तिचा वध धर्माच्या नावाने झाल्यानंतर, त्यांचे मन सावरले नाही. ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांनी आपली जीवनयात्रा स्वतः संपवली. त्या वेळी ते पन्नास वर्षांचे होते. त्यांचे संपादकत्व ज्या अंकांवर होते ते ‘साधने’चे अंक मुलांसाठी लिहिलेल्या मजकुराने भरलेले आहेत. ‘सुंदर पत्रे’ या नावाने संग्रहित झालेली, पुतणी सुधाला लिहिलेली पत्रेही याच अखेरच्या काळातील. त्या पत्रांत पाऊस आहे, पक्षी आहेत, देशोदेशीच्या बातम्या आहेत, गोष्टी आहेत. अंमळनेरच्या छात्रालयात भिंतीवर लावलेले दैनिक पुन्हा सुरू झाले होते, या वेळी एकाच वाचकासाठी.

स्वयंअध्ययन : आपल्या घरातील किंवा शेजारच्या आठवी ते दहावीतील एखाद्या मुलाला वा मुलीला ‘श्यामची आई’मधील कोणतीही एक रात्र वाचावयास द्या. वाचून झाल्यावर त्यातील आईचे म्हणणे पटले की नाही आणि का, एवढेच विचारा. मिळालेले उत्तर, त्यातील शब्द न बदलता, आपल्या स्वाध्याय वहीत लिहून ठेवा आणि पुढील संपर्कसत्राला सोबत आणा.